मराठीच्या वर्गात शब्दमेघ: आधी मोजणी, मग चित्र

एखाद्या मजकुरात जो शब्द जितक्या वेळा आला असेल तितका तो मोठ्या अक्षरांत दाखवणारे शब्दांचे चित्र म्हणजे शब्दमेघ. प्रशिक्षणांत त्याला ‘वर्ड क्लाउड’ असेच म्हणतात, आणि तेथे दाखवलेला नमुना बहुतेक वेळा इंग्रजी मजकुराचा असतो. तोच प्रयोग शिक्षकाने आपल्या वर्गातील मराठी निबंधांवर करून पाहिला, की पडद्यावर ‘आहे’, ‘आणि’, ‘व’ हे शब्द भल्या मोठ्या अक्षरांत उभे राहतात, आणि ज्या विषयावर मुलांनी मन लावून लिहिले तो विषय मात्र कोपऱ्याकोपऱ्यांत चार तुकड्यांनी विखुरलेला दिसतो. नागपुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवी-आठवीला मराठी शिकवताना मी हे साधन गेली काही वर्षे वापरत आहे. या कामात योग्य साधन निवडणे हा सर्वांत सोपा भाग आहे, असा माझा अनुभव आहे. मराठी शब्दमेघ खरा ठरतो तो चित्र काढण्याआधी मुलांनी हाताने केलेल्या व्याकरणाच्या कामामुळे, आणि म्हणून पुढील मजकुरात त्या कामाला मी संगणकापेक्षा अधिक जागा दिली आहे.

मजकूर जसाच्या तसा का चालत नाही

शब्दमेघाचे साधन शब्दाचा अर्थ जाणत नाही. दोन मोकळ्या जागांच्या मध्ये सापडलेला अक्षरांचा गट म्हणजे एक शब्द, एवढीच त्याची व्याख्या असते. इंग्रजी नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लागला तर एकाच शब्दाची फार तर दोन-तीन रूपे होतात. मराठीत मात्र नामाचे सामान्यरूप होते, त्याला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागते, आणि ते सगळे आपण जोडून लिहितो. ‘ऊन’ हा एकच शब्द मुलाच्या निबंधात ‘उन्हात’, ‘उन्हाने’, ‘उन्हाचा’, ‘उन्हामुळे’ आणि ‘उन्हापासून’ अशा रूपांनी येतो. साधनाच्या दृष्टीने हे पाच वेगवेगळे शब्द आहेत आणि प्रत्येक एकदाच आलेला आहे. त्याउलट ‘आणि’ हे अव्यय असल्यामुळे त्याचे रूप कधीच बदलत नाही, म्हणून ते नेहमी जिंकते.

याचा सर्वांत बोलका नमुना प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेला असतो, तो म्हणजे भारतीय संविधानाची उद्देशिका. दीक्षाभूमीच्या शहरात राहणाऱ्या आमच्या मुलांना ती तोंडपाठ असते. उद्देशिकेचा मराठी मजकूर साधनात टाकला तर सर्वांत मोठा शब्द ‘व’ हा येतो, कारण तो पाच वेळा आला आहे. त्याखालोखाल ‘आणि’ व ‘करून’ हे शब्द येतात, प्रत्येकी तीन वेळा. न्याय, स्वातंत्र्य, समानता आणि बंधुता हे चार शब्द प्रत्येकी एकदाच आलेले असल्याने बारीक अक्षरांत कुठेतरी कडेला पडतात. ‘व’, ‘आणि’, ‘करून’, ‘यांचे’ वगळून पुन्हा चित्र काढले तरी ‘भारताचे’ एवढा एकच शब्द दोनदा आलेला म्हणून मोठा दिसतो. ‘संविधानसभेत’ आणि ‘संविधान’, ‘सर्व’ आणि ‘सर्वांमध्ये’ या जोड्या आहेत हे साधनाला कळत नाही. मी वर्षाच्या पहिल्या शब्दमेघाची सुरुवात याच मजकुराने करतो. जो शब्द वारंवार येतो तो महत्त्वाचा असतोच असे नाही, आणि जो महत्त्वाचा असतो तो एकदाच उच्चारला तरी पुरतो, हे मुलांना या एका चित्रावरून जितके स्पष्ट दिसते तितके माझ्या बोलण्यावरून कधी दिसले नव्हते.

व्याकरणाशिवाय आणखी काही अडचणी लिपीच्या आहेत. मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा वापरलेल्या साधनाने काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे अक्षरे म्हणून ओळखलीच नाहीत. ‘शिक्षक’ या शब्दाचे तुकडे होऊन वेलांटी एकीकडे आणि उरलेली व्यंजने दुसरीकडे गेली, आणि मुलांसमोर पडद्यावर नुसता अक्षरांचा चुरा पडला. तेव्हापासून कोणतेही नवे साधन वर्गात नेण्यापूर्वी मी घरी ‘क्षितिज, ज्ञानेंद्रिय, वऱ्हाड, सुट्टी, हृदय’ हे पाच शब्द टाकून पाहतो. पाचही सलग आणि नीट आले तरच ते साधन घ्यावे.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरे मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, असणेही आवश्यक आहे. शाळेच्या जुन्या संगणकांवर कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीच्या जुन्या टंकांत (फॉन्टमध्ये) टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका आणि अहवाल पडलेले असतात. त्यातील मजकूर चिकटवला तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक रांग दिसते, कारण त्या टंकांत मराठी हे केवळ बाहेरचे रूप असते, आत साठवलेली अक्षरे रोमन असतात. असा मजकूर आधी रूपांतर करून घ्यावा, किंवा थोडा असेल तर सरळ पुन्हा टाइप करावा.

डोळ्यांना न दिसणारे फरक यापेक्षा अधिक फसवे असतात. ‘वऱ्हाड’मधील अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप करता येतो. दोन्ही प्रकार पडद्यावर अगदी सारखे दिसतात, परंतु साधन ते दोन शब्द मोजते. ‘स्वतः’ लिहिताना कोणी विसर्ग देतो, कोणी विरामचिन्हातील अपूर्णविराम देतो, आणि मग साधन तो अपूर्णविराम काढून टाकून ‘स्वत’ असा शब्द दाखवते. एखादा शब्द चित्रात दोनदा दिसला, तर साधनात बिघाड झाला असे न मानता प्रथम टाइप करण्याच्या पद्धतीतील हा फरक तपासावा.

प्रश्न आणि चिठ्ठ्या

पहिल्या प्रयोगासाठी निबंध घेऊ नयेत. वर्गाला एकच प्रश्न विचारावा आणि प्रत्येकाकडून तीन शब्द घ्यावेत, प्रत्येक शब्द वेगळ्या चिठ्ठीवर. प्रश्न मोकळा हवा, पण फार रुंद नको. ‘तुम्हांला काय आवडते?’ या प्रश्नाला चाळीस मुलांकडून शंभर वेगवेगळी उत्तरे येतात, सगळे शब्द एकाच आकाराचे होतात आणि चित्रातून काहीच दिसत नाही. ‘महाराष्ट्राची उपराजधानी कोणती?’ या प्रश्नाला उत्तर एकच असल्याने चित्रच होत नाही. ‘उन्हाळ्याची सुट्टी म्हटली की आठवणारे तीन शब्द’ हा प्रश्न आमच्याकडे चांगला चालतो. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर मुलांच्या मनात पंचेचाळीस अंशांचा मे महिना अजून ताजा असतो, आणि नव्या वर्गात एकमेकांची ओळख व्हायलाही हा प्रश्न उपयोगी पडतो. तान्हा पोळा आणि मारबत या आमच्याकडच्या सणांनंतर पुन्हा असाच एक प्रश्न घेता येतो.

चिठ्ठ्यांवर नाव लिहू देऊ नये. नाव नसले की जो मुलगा वर्गात कधी हात वर करत नाही त्याचाही शब्द इतरांच्या शब्दांइतकाच मोजला जातो. शब्द लिहिताना शेजाऱ्याशी बोलायचे नाही, हा नियम मात्र कडक ठेवावा, अन्यथा एका बाकावरून निघालेला शब्द पूर्ण रांगेत पसरतो आणि चित्रात त्या एका बाकाचेच मत मोठ्या अक्षरांत दिसते.

मुळावर आणण्याचे काम

पहिली तासिका पूर्णपणे या कामासाठी राखून ठेवावी. वर्गाचे सहा-सात गट करून चिठ्ठ्या वाटून द्याव्यात आणि प्रत्येक गटाने आपल्या चिठ्ठ्यांतील शब्द मूळ रूपात आणावेत. ‘आंबे’चा ‘आंबा’ होतो, ‘मामाकडे’चा ‘मामा’ होतो, ‘उन्हात’चे ‘ऊन’ होते. सामान्यरूप म्हणजे काय हे आम्ही व्याकरणाच्या तासाला शिकवतो तेव्हा मुले ते गुणांसाठी पाठ करतात. येथे मात्र मूळ शब्द शोधल्याशिवाय मोजणी पुढे सरकत नाही, त्यामुळे शब्द कुठे संपतो आणि प्रत्यय कुठे सुरू होतो यावर मुले आपण होऊन वाद घालतात. ‘पाण्यात’मधून ‘पाणी’ सापडते, ‘भावाकडे’मधून ‘भाऊ’ सापडतो, आणि ‘ऊ’चा ‘व’ कसा झाला हे विचारणारा एखादा मुलगा निघतोच. त्या क्षणी पाठ्यपुस्तकातील नियम सांगितला तर तो विसरला जात नाही.

काही निर्णय व्याकरणाने सुटत नाहीत. ‘ऊन’ आणि ‘उन्हाळा’ एकाच शब्दात मोजायचे का? एक अनुभव आहे आणि दुसरा ऋतू आहे, म्हणून वेगळे ठेवावे, असे एका गटाचे म्हणणे पडते. उन्हाळा ऊनच आहे, म्हणून एकत्र करावे, असे दुसऱ्याचे. येथे शिक्षकाने निकाल देऊ नये. दोन्ही बाजू ऐकून वर्गाने ठरवावे आणि घेतलेला निर्णय फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा, कारण चित्राचा आकार त्या निर्णयावर अवलंबून राहणार आहे आणि पुढे कोणी विचारले तर त्याचे उत्तर देता आले पाहिजे.

नागपूरच्या वर्गात याहून नाजूक प्रश्न बोलीचा येतो. एका चिठ्ठीवर ‘कलिंगड’ असते आणि पाच चिठ्ठ्यांवर ‘टरबूज’. पाठ्यपुस्तकात ‘बटाटा’ असतो आणि घरी ‘आलू’; पुस्तकात ‘कोथिंबीर’ असते आणि इकडे ‘सांबार’, ज्यावरून आमची सांबारवडी झाली. काही मुलांच्या घरी हिंदी बोलतात, काहींच्या घरी वऱ्हाडी, आणि ते सगळे शब्द चिठ्ठीवर उतरतात. हे शब्द प्रमाण शब्दात विलीन करून टाकण्याचा मोह शिक्षकाने आवरावा, असे मी आग्रहाने सांगेन. मोजणीच्या सोयीसाठी ‘टरबूज’ खोडून ‘कलिंगड’ लिहिले, तर ज्या मुलाने तो शब्द घरून आणला त्याला आपला शब्द चुकीचा होता असे वाटते, आणि पुढच्या वेळी तो पुस्तकातला शब्द लिहितो, मनातला लिहीत नाही. आमच्या वर्गात वस्तू एक असली तरी शब्द वेगळे असतील तर ते वेगळेच मोजायचे, असा नियम आम्ही केला आहे. शुद्धलेखनाच्या चुका मात्र दुरुस्त करतो, कारण ‘पाणि’ आणि ‘पाणी’ हे दोन शब्द नाहीत.

यानंतर प्रत्येक गट आपल्या शब्दांसमोर ताळ्याच्या खुणा करतो आणि फळ्यावर वर्गाची एकत्रित वारंवारता सारणी तयार होते. चाळीस मुलांच्या एकशे वीस चिठ्ठ्यांतून साधारणपणे पंचवीस ते पस्तीस वेगळे शब्द उरले, तर शब्दमेघ चांगला दिसतो. संगणक कक्ष उपलब्ध असेल तर हीच सारणी गूगल शीट्समध्ये करता येते. एका रकान्यात सर्व चिठ्ठ्यांचे शब्द एकाखाली एक टाइप करावेत, दुसऱ्या रकान्यात वेगळे शब्द लिहून काउंटइफ या सूत्राने त्यांची संख्या काढावी, आणि ती फळ्यावरच्या खुणांशी पडताळून पाहावी.

कोणते साधन केव्हा

जुन्या प्रशिक्षण पुस्तिकांत ‘वर्डल’ हे नाव सापडते. आयबीएममध्ये काम करणाऱ्या जोनाथन फाइनबर्ग यांनी २००८ मध्ये ते साधन खुले केले आणि जगभरच्या शाळांत शब्दमेघ त्यामुळेच पोहोचला. परंतु ते ज्या जावा तंत्रावर चालत असे, ते पुढे ब्राउझरांनी बंद केले. आज त्या नावाने शोधले तर पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखण्याचा खेळ सापडतो, त्याचा या विषयाशी संबंध नाही.

फळ्यावरची सारणी तयार असेल तर शब्द आणि त्याची संख्या थेट स्वीकारणारे साधन घ्यावे. वर्डक्लाउड्स डॉट कॉम आणि वर्डआर्ट डॉट कॉम या दोन्ही संकेतस्थळांवर शब्दांची यादी भरण्याची सोय आहे, तिथे ‘ऊन’समोर १९ आणि ‘कूलर’समोर १७ असे लिहिता येते. अशा यादीत मजकूर तोडण्याचे काम साधनाकडे राहतच नाही, त्यामुळे वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी आपोआप टळतात. ‘नाग नदी’ किंवा ‘काळी मारबत’ यांसारखे दोन शब्दांचे नावही यादीत एकत्र राहते. मोकळा मजकूर चिकटवला असता ‘मारबत’ एकीकडे आणि ‘काळी’ व ‘पिवळी’ दुसरीकडे गेल्या असत्या. यादीची सोय नसलेल्या साधनात अशा नावांच्या मध्ये जोडरेषा द्यावी आणि ती टिकते का हे आधी पाहून घ्यावे.

जेसन डेव्हिस यांचे शब्दमेघाचे पान दिसायला अगदी साधे आहे, परंतु मला ते वर्गासाठी फार आवडते. तेथे खाते उघडावे लागत नाही, एका ओळीला एक शब्द मानण्याची खूण करता येते, म्हणजे चिठ्ठ्यांचे शब्द जसेच्या तसे एकाखाली एक चिकटवले की मोजणी होते, आणि टंकाच्या चौकटीत आपल्या संगणकावर असलेल्या कोणत्याही टंकाचे नाव लिहिता येते.

निबंधांचा किंवा एखाद्या मोठ्या मजकुराचा अभ्यास करायचा असेल तर व्हॉयंट टूल्सला मी पहिली पसंती देईन. ते मुक्त स्रोताचे आहे आणि त्यालाही खाते लागत नाही. त्यातील शब्दमेघावर शब्दापाशी माउस नेला की तो किती वेळा आला याचा आकडा दिसतो, वगळायच्या शब्दांची यादी स्वतः भरता येते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निवडलेला शब्द ज्या ज्या वाक्यांत आला ती वाक्ये मागच्या-पुढच्या शब्दांसह वेगळ्या चौकटीत पाहता येतात. चित्रातून पुन्हा मजकुराकडे जाण्याची ही वाट इतर साधनांत सहसा नसते. त्याची स्वतंत्र प्रत संगणकावर उतरवून इंटरनेटशिवायही चालवता येते, आणि जेथे जोडणी भरवशाची नाही तेथे शाळांनी ती अवश्य करून ठेवावी.

वगळायच्या शब्दांची मराठी यादी एकदा स्वतः तयार करून जपून ठेवावी. माझ्या यादीची सुरुवात ‘आणि, व, पण, परंतु, की, तर, म्हणून, आहे, आहेत, होता, होती, होते, हा, ही, हे, तो, ती, ते, या, त्या, मी, आम्ही, एक, खूप, असे, करून, झाले’ अशी होते. ‘नाही’ हा शब्द मात्र यादीत टाकण्यापूर्वी विचार करावा. ‘आमच्या शाळेत काय नाही’ अशा विषयावर मुलांनी लिहिले असेल तर तोच शब्द सर्वांत अधिक सांगणारा असतो.

मेंटिमीटर, स्लायडो, अहास्लाइड्स ही साधने निराळ्या जातीची आहेत. मुले आपापल्या मोबाइलवरून शब्द पाठवतात आणि पडद्यावर चित्र वाढत जाते. पालकसभेत किंवा शिक्षकांच्या बैठकीत त्यांचा उपयोग उत्तम होतो. शाळेत मुलांकडे मोबाइल नसतात आणि नसावेत, त्यामुळे वर्गात मी ती क्वचितच वापरतो. त्यांच्या विनामूल्य योजनेत सहभागींच्या संख्येवर मर्यादा असू शकते, ती आधी वाचून घ्यावी. शिवाय निनावी पाठवलेला एखादा वाईट शब्द सर्वांसमोर उमटू शकतो, आणि शिव्या गाळणारी सोय मराठीच्या बाबतीत भरवशाची मानता येत नाही. म्हणून उत्तरे येईपर्यंत निकाल झाकून ठेवण्याचा पर्याय निवडावा.

चित्र वाचता येईल असे करणे

देवनागरीत शिरोरेषा आहे, आणि आपली नजर तिच्या आधाराने शब्द वाचते. शब्द उभा किंवा तिरपा केला की सातवीतील मूलही अडखळते, म्हणून सर्व शब्द आडवेच ठेवावेत. बहुतेक साधनांत त्यासाठी दिशेचा किंवा कोनाचा पर्याय असतो. टंक म्हणून मुक्त, बलू किंवा नोटो सान्स देवनागरी घ्यावा. हे तिन्ही गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतात. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी हा टंक पाहावा. आमच्या शहरात मुलांच्या डोळ्यांसमोर हिंदी आणि मराठी पाट्या सारख्याच येतात, त्यामुळे मराठीच्या तासाला तरी अक्षर मराठी वळणाचे असावे असे मला वाटते. शब्दांच्या जागी चौकोन दिसले तर निवडलेल्या टंकात देवनागरी नाही असे समजावे.

रंग दोन-तीनच ठेवावेत. रंगांना अर्थ दिला तर अधिक चांगले, उदाहरणार्थ नामे एका रंगात आणि क्रियापदे दुसऱ्या रंगात. फुलपाखराच्या किंवा नकाशाच्या आकारात शब्द भरण्याची सोय आकर्षक असली तरी त्या आकाराच्या कोपऱ्यांत बसवण्यासाठी लहान शब्द पुन्हा पुन्हा छापले जातात आणि मोजणीवरचा विश्वास उडतो. भित्तिपत्रकासाठी हवे तर तसे करावे, अभ्यासासाठी करू नये. शाळेच्या छपाईयंत्रावर पांढऱ्या पार्श्वभूमीवरील काळी अक्षरेच नीट उमटतात.

आकारात दडलेली फसवणूक

आठवीच्या मुलांना वर्ग आणि वर्गमूळ येत असते, त्यामुळे हा भाग गणिताच्या शिक्षकांसोबत घ्यावा. समजा, ‘कूलर’ १६ वेळा आणि ‘माठ’ ४ वेळा आला आहे. अक्षराची उंची संख्येच्या प्रमाणात वाढवली तर ‘कूलर’ चौपट उंच होतो, परंतु तो रुंदीलाही चौपट होत असल्याने कागदावर प्रत्येक अक्षर सोळा पट जागा व्यापते. उंची वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे ४ आणि २, ठेवली तर जागा चौपट होते आणि डोळ्यांना खरे प्रमाण दिसते. जेसन डेव्हिस यांच्या पानावर संख्या, तिचे वर्गमूळ आणि लॉगरिदम असे तीन पर्याय आहेत. एकाच यादीची तीन चित्रे काढून शेजारी ठेवली की तीन वेगळे वर्ग बोलत आहेत असे वाटते. अनेक साधने तर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकार आधीच ठरवून बाकीचे शब्द त्यांच्या मध्ये बसवतात, त्यामुळे प्रमाण तंतोतंत राहत नाही. त्यात लांब शब्दाला आणखी फायदा मिळतो. ‘ऊन’ आणि ‘महाराजबाग’ सारख्याच वेळा आले तरी ‘महाराजबाग’ मोठा भासतो. म्हणून शब्दमेघाशेजारी त्याच आकड्यांचा स्तंभालेख मुलांकडून काढून घ्यावा आणि दोहोंत कोणते अधिक खरे आणि कोणते अधिक लक्षात राहणारे, हे त्यांना विचारावे.

चित्रापुढे बसून

दुसऱ्या तासिकेत चित्र दाखवण्याआधी सर्वांत मोठा शब्द कोणता असेल याचा अंदाज प्रत्येकाने वहीत लिहावा. चित्र समोर आल्यावर तीन प्रश्न पुरतात. कोणत्या शब्दाचे आश्चर्य वाटले? जो शब्द यायला हवा होता असे वाटते, पण आलाच नाही, तो कोणता? आणि सर्वांत बारीक अक्षरांतील एक शब्द निवडून तो कोणी व का लिहिला असेल, याची चार वाक्ये लिहा. या तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे मी सर्वांत काळजीपूर्वक वाचतो. एका वर्षी उन्हाळ्याच्या शब्दमेघात एकाच चिठ्ठीवरून आलेला ‘विटभट्टी’ हा शब्द होता. ज्याने लिहिला तो गप्प राहिला, पण त्या शब्दावर जी वाक्ये इतर मुलांनी लिहिली त्यांतून सुट्टी सर्वांना सारखी नसते हे वर्गाच्या लक्षात आले, आणि मला ते कुठल्याही धड्यातून शिकवता आले नसते.

पाठाच्या आधी आणि नंतर तोच प्रश्न विचारून दोन चित्रे शेजारी ठेवणे हाही चांगला उपयोग आहे. ‘नाग नदी’ हा विषय घेतला की पाठाआधी ‘नाला’, ‘वास’, ‘कचरा’ हे शब्द मोठे येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नदीला पूर आला आणि आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरले, हे अनुभवलेली मुले ‘पूर’ लिहितात. शहराला नाव देणारी ही नदी पुढे कन्हानला मिळते, इथपर्यंत शिकवून झाल्यावर दुसऱ्या चित्रात ‘उगम’, ‘कन्हान’, ‘काठ’ हे शब्द दिसू लागले तर पाठ पोहोचला असे समजावे, आणि न दिसले तर शिकवण्यात काय राहिले याचा विचार आपण करावा. या चित्रावर गुण मात्र देऊ नयेत. गुण आहेत असे कळताच मुले शिक्षकाला हवे असलेले शब्द लिहू लागतात.

सावधगिरीच्या दोन गोष्टी

मुलांची नावे, हजेरी क्रमांक, आजार, घरची परिस्थिती असे काहीही ऑनलाइन साधनात चिकटवू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. मुलांना खाते उघडायला लावणारे साधन त्यामुळेच टाळावे. काही संकेतस्थळे तयार झालेले चित्र सर्वांना दिसणाऱ्या दालनात ठेवतात, जतन करताना तो पर्याय बंद असल्याची खात्री करावी.

दुसरी गोष्ट विजेची. वीज गेली किंवा जोडणी तुटली तरी हा तास वाया जात नाही. सारणी फळ्यावर आहेच. एका खुणेसाठी उंचीचे एक सेंटिमीटर, असे प्रमाण ठरवून मोठ्या शब्दांपासून सुरुवात करावी आणि मुलांनी फूटपट्टी घेऊन कार्डशीटवर अक्षरे काढावीत. वर्गमुळाचा भाग शिकवून झाला असेल तर उंची वर्गमुळाच्या हिशेबाने घ्यावी. असा हाताने काढलेला शब्दमेघ प्रमाणाच्या बाबतीत अनेक साधनांपेक्षा अचूक असतो, आणि ज्या शाळेत प्रोजेक्टर नाही तेथील शिक्षकांनी याच पद्धतीने सुरुवात करावी असे मी सुचवेन.

चित्र भिंतीवर लावताना त्याच्या खाली प्रश्न, दिनांक, किती मुलांनी किती शब्द दिले ती संख्या, वगळलेल्या शब्दांची यादी आणि कोणते शब्द एकत्र केले याची नोंद मुलांच्याच अक्षरात लिहून लावावी, आणि चिठ्ठ्यांचे पाकीट मागे टाचून ठेवावे, म्हणजे ज्याला मोजणीबद्दल शंका येईल त्याला ती पुन्हा करून पाहता येईल.